माझ्या कानाजवळची टिकली

मी एक जुना डबा आहे. म्हणजे मी स्वतःला तसं समजत नाही. पण नागपुरातल्या ज्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात माझं सारं आयुष्य गेलं, तिथे प्राध्यापकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मला डबाच म्हणतात. "डब्यावर कापड घाला." "डब्याला हात लावू नका." "आज डबा का रुसलाय?" मित्रांनो, सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग एक दिवस लक्षात आलं की माणसं दिवसभरात ज्याची सगळ्यात जास्त आठवण काढतात तोसुद्धा डबाच असतो, जेवणाचा. तेव्हापासून मी रुसणं सोडून दिलं.

दिसायला मी साधाच आहे. अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा, वर एक काळं झाकण, झाकणाखाली पान पकडायचा चिमटा आणि समोर एक गोल बटण. जुन्या रेडिओला असतं ना, तसं. माझ्या जन्मदात्याने, रुपरावांनी, त्या बटणाला कधी बटण म्हटलं नाही. ते म्हणायचे, "हा याचा कान." रेडिओ दुरुस्त करणारे रुपराव कुठल्याही यंत्राचा आधी कान पिळून बघत, मग त्याची विचारपूस करत.

मला घडवायचं वेड मात्र यमुताईंचं. त्या विभागात शिकवायच्या. पान उजेडाचं काय करतं हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी लागणारं परदेशी यंत्र आमच्यासारख्या महाविद्यालयाच्या वाट्याला येणं शक्य नव्हतं. दुसरं कुणी असतं तर फळ्यावर चित्र काढून विषय संपवला असता. यमुताई पिशवीत कढीपत्त्याची डहाळी घालून थेट रुपरावांच्या दुकानात गेल्या.

"रुपराव, या पानातून काय बाहेर येतं ते मला मोजून हवंय."

रुपरावांनी डहाळी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "मॅडम, यातून फोडणीचा वास येते. दुसरं काय येईन?"

"उजेड येतो."

"पानातून? मले तं नाही दिसून राहिला."

"तुम्हाला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

मग त्यांनी त्या दुकानातच समजावून सांगितलं. पान उजेड खातं. बराचसा उजेड ते अन्न शिजवायला वापरतं, काही उष्णता म्हणून सोडून देतं आणि अगदी थोडा, चिमूटभर, लालसर चमकेच्या रूपाने परत देतं. ती चमक इतकी फिकी असते की माणसाच्या डोळ्याला कळत नाही. ती ज्याला कळेल असा एक डोळा हवा होता. रुपरावांनी तो डोळा कुठून तरी मागवला, तीन महिने खटपट केली, दोनदा सगळं मोडून पुन्हा जोडलं आणि शेवटी माझ्या कानाभोवती पांढऱ्या रंगाने एक ते दहा आकडे काढले. सहा जरा तिरपा झाला. मी जन्मलो तो असा, तिरप्या सहासकट.

कान डावीकडे पिळला की माझा दिवा मंद होतो, उजवीकडे पिळला की प्रखर. एवढंच माझं शास्त्र. पण पुढची सगळी गोष्ट या एवढ्याशा शास्त्रावर फिरली आहे, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

माझ्या पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर नत्थू आहे. तेव्हा तो विभागात नुकताच परिचर म्हणून लागला होता, मिसरूडही धड फुटलेली नव्हती. पानावर बाहेरचा उजेड पडू नये म्हणून काम चालू असताना माझ्यावर काळं कापड धरावं लागायचं. ते नत्थूचं काम. तो माझ्या पाठीमागे उभा राहायचा आणि दोन्ही हातांनी कापड ताणून धरायचा. माझ्यासमोर काचेच्या दारांचं एक कपाट होतं. त्या काचेत नत्थूला माझं तोंड दिसायचं. मी त्याला कितीतरी वर्षं त्या काचेतूनच ओळखीचा होतो.

त्या दिवसांत मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगतोच. हिरव्या पानाच्या आत, हरितलवक नावाच्या इवल्याशा खोल्यांमध्ये, उजेडाचं काम दोन ठिकाणी चालतं. आधी पहिल्या ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी. शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक नेमके उलटे दिले आहेत, पण तो घोळ तुम्ही मोठे झाल्यावर निस्तरा. या दोन्ही ठिकाणी उजेड वेचून आणून देणारी प्रथिनं असतात. पहिल्या ठिकाणी फार उजेड पोचला आणि दुसऱ्या ठिकाणी कमी, तर मध्येच काम तुंबतं. मग पान काय करतं? एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, ते त्या वेचणाऱ्या प्रथिनांपैकी काहींना फॉस्फेटची एक बारीकशी खूण चिकटवतं. या चिकटवण्याला शास्त्रात फॉस्फोरिलेशन म्हणतात. खूण चिकटली की ते प्रथिन पहिलं ठिकाण सोडून दुसऱ्याच्या मदतीला सरकतं. तुंबलेलं काम मोकळं झालं की दुसरं एक विकर ती खूण काढून घेतं आणि प्रथिन मुकाट्याने आपल्या मूळ जागी परत येतं.

हे सरकणं मला दिसतं. म्हणजे असं की पहिल्या ठिकाणची प्रथिनं कमी झाली की पानाची लालसर चमकही हळूहळू कमी होते. मी ती मोजतो आणि माझी रेघ दहा-बारा मिनिटं सावकाश उतरत जाते. पूर्वी ही रेघ कागदाच्या गुंडाळीवर उमटायची, आता संगणकाच्या पडद्यावर. यमुताई त्या उताराला "पान बोललं" असं म्हणायच्या. पहिल्यांदा पान बोललं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या आणि नत्थूने उत्साहात कापड सोडून टाळी वाजवली होती. कापड सुटल्यामुळे रेघ बिघडली, पण त्याला कोणी रागावलं नाही.

ती माझी सुखाची वर्षं होती. पालकाचं पान, वाटाण्याचं पान, संत्र्याचं पान, सगळ्यांनी माझ्या चिमट्यात मान दिली. बाहेरगावचे पाहुणे मला बघायला यायचे आणि "हे तुम्ही इथे बनवलंत?" असं विचारून रुपरावांनी काढलेल्या तिरप्या सहाकडे कौतुकाने बघायचे. मी तेव्हा जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

पण विद्यार्थ्यांची बोटं काय कमी असतात? हजारदा कान पिळून पिळून माझे आकडे झिजत गेले. आधी दोन गेला, मग तीन, मग एकेक करत सगळेच. एका दुपारी यमुताईंनी चष्मा पुसून बघितलं, तरी त्यांना कुठला आकडा कुठे होता ते दिसेना. त्यांनी आठवून, मोजून, मंद उजेडाची नेमकी जागा शोधली आणि कपाळावरची मरून टिकली काढून तिथे, कानाच्या डाव्या बाजूला, चिकटवून टाकली.

"मुलींनो, कानावरची पांढरी रेघ या टिकलीपाशी आणायची," त्या म्हणाल्या. "इथेच. फार पुढे गेलात तर पान बोलणार नाही."

पुढची किती तरी वर्षं ती टिकली माझ्या तोंडावर होती. कढत उन्हाळे आले, कूलरचा दमट वारा आला, टिकली हलली नाही. यमुताई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी माझ्यावर हात फिरवला आणि नत्थूला म्हणाल्या, "याच्याकडे लक्ष ठेव रे." नत्थू म्हणाला, "हाव मॅडम." त्याने ते मनापासून म्हटलं होतं.

मग मात्र माझ्याकडे कोणी फिरकेना. विषय बदलले, प्राध्यापक बदलले. माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे माझ्या डोक्यावर आणि धूळ सगळीकडे. बारा वर्षं मी एकही पान पाहिलं नाही. नत्थू अधूनमधून स्टूल लावून वर चढायचा आणि फडक्याने माझी धूळ झटकायचा. मला तेवढं पुरेसं होतं, असं म्हणालो तर ते पूर्ण खरं होणार नाही. पण पुष्कळ होतं.

यंदाच्या जुलैमध्ये तपासणी समिती यायची म्हणून विभागाची साफसफाई निघाली. मला खाली उतरवलं. नत्थूने यमुताईंना दिलेला शब्द लक्षात ठेवून मला नवरदेवासारखं घासूनपुसून काढायचं ठरवलं. त्याने स्पिरिटमध्ये बोळा बुडवला आणि माझं तोंड पुसलं. धूळ गेली, तेलकटपणा गेला, उरलेसुरले रंगाचे ठिपके गेले आणि टिकलीही गेली.

नत्थूच्या हातातला बोळा तसाच राहिला. त्याने खाली वाकून टिकली शोधली. सापडली, पण तिचा डिंक गेला होता. तो घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोच्या पाकिटातून एक लाल टिकली आणली आणि डोळे मिटून आठवलं की ती कुठे होती. त्याला काचेतलं माझं तोंड आठवलं. तीच तर त्याची ओळख होती. काचेत टिकली उजवीकडे दिसायची. म्हणून त्याने ती उजवीकडे लावली.

मित्रांनो, काचेत डावं ते उजवं दिसतं, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे आणि नत्थूलाही माहीत होतं. पण वर्षानुवर्षं एकाच बाजूने पाहिलेल्या गोष्टीबद्दल माणूस असा विचार करत नाही. त्याने टिकली बोटाने नीट दाबली, मागे सरून पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र उडाला. पण मला तोंड नाही. म्हणजे तोंड आहे, बोलता येत नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीलाच मेघा आली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, प्रताप नगरहून स्कूटीवर यायची, बोलायला चुणचुणीत. तिला भिवापुरी मिरचीवर प्रकल्प करायचा होता. शेतात तुरीच्या सावलीत मिरचीच्या पानावर उजेड सारखा बदलत असतो. त्या बदलत्या उजेडात मिरचीची प्रथिनं किती चपळाईने जागा बदलतात, हे तिला बघायचं होतं. तिच्या मार्गदर्शक दीप्ती मॅडमनी कुठल्याशा जुन्या प्रबंधात माझं नाव वाचलं होतं. मला टेबलावर आणलं, वायर जोडली, दिवा लावला. माझा डोळा उघडला तेव्हा समोर मिरचीचं कोवळं पान होतं. इतक्या वर्षांनी पान! त्या क्षणी मी टिकलीचं सगळं दुःख विसरलो.

पण ते दुःख मला विसरलं नव्हतं. जुन्या प्रबंधात लिहिलं होतं, "दिव्याची तीव्रता टिकलीच्या खुणेवर ठेवली." मेघाने वाचलं, हसली आणि कानाची रेघ लाल टिकलीपाशी आणली. माझा दिवा भसकन पेटला. पानावर भर दुपार झाली.

प्रखर उजेडात पान वेगळंच वागतं. जास्तीचा उजेड ते उष्णता म्हणून फेकून देत सुटतं, आणि खूण चिकटवणारं ते विकर काम थांबवून बसतं. मग प्रथिनं जागची हलत नाहीत. माझी रेघ सुरुवातीलाच धपकन खाली पडायची आणि दिवा काढला की तशीच पटकन वर यायची. मेघाला हवा असलेला सावकाश उतार काही दिसायचा नाही. तिने पानं बदलली, कुंड्या बदलल्या, कापड दुहेरी केलं. सप्टेंबर संपला. तिच्या वहीत सगळीकडे एकच वाक्य होतं: उतार नाही.

एक दिवस दीप्ती मॅडम तिच्या शेजारी बसल्या. त्या वाईट नव्हत्या, घाईत होत्या. "मेघा, सोमवारपर्यंत काही हाती लागलं नाही तर आपण विषय बदलू. हे यंत्रच गेलेलं असणार. निरुपयोगी सामानाची यादी करतेच आहे, त्यात याचंही नाव टाकते. सोमवारी गाडी येईल."

त्यांनी माझ्या डोक्यावर एक पांढरी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं: निरुपयोगी. मला एकदम पानातली ती प्रथिनं आठवली. त्यांनाही खूण लागते आणि जागा सोडावी लागते. फरक एवढाच की त्यांची खूण परत निघते.

मॅडम गेल्यावर मेघाने वही मिटली आणि टेबलावर डोकं टेकून थोडा वेळ रडली. नत्थू दारात उभा होता. त्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि निघून गेला. मला त्या वेळी वाटलं, आपण रेडिओ असतो तर किती बरं झालं असतं.

हा शुक्रवार होता, दसऱ्यानंतर तिसरा दिवस. दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी मेघा एकटी आली नाही. तिच्याबरोबर तिची आजी, तुळसाबाई होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पांढरं शुभ्र पातळ, हातात कापडी पिशवी. धरमपेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या आणि डोळ्यांत औषध घातल्यामुळे सारख्या पापण्या मिचकावत होत्या. घरी सोडण्याआधी मेघाने त्यांना इथे आणलं होतं.

"जय भीम गा भाऊ," त्या नत्थूला म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "हा का तुह्या डबा? रोज याच्याच नावानं रडून राहिली का वं तू?"

"रडत नाही आजी," मेघा म्हणाली.

"मंग काल जेवली काहून नाही?"

मेघाने चिमट्यात पान लावलं, दिवा लावला आणि बोलायचं म्हणून बोलायला लागली. दोन ठिकाणं, वेचणारी प्रथिनं, मध्ये तुंबणारं काम, फॉस्फेटची खूण, जागा बदलणं. आजीला समजेल अशी तिची अपेक्षा नव्हती. पण तुळसाबाई मध्येच हात वर करून म्हणाल्या, "थांब, थांब. हे तं आपल्या स्टॉलवानी झालं."

मित्रांनो, इथे तुम्हाला थोडं सांगायला हवं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लांबलांबून लाखो माणसं येतात. त्यांच्यासाठी शहरातल्या वस्त्या-वस्त्यांतून जेवणाचे स्टॉल लागतात. तुळसाबाईंच्या गल्लीचाही एक असतो. तिथे दोन टेबलं असतात. पहिल्यावर पत्रावळ, पुरी आणि भाजी मिळते, दुसऱ्यावर वरण-भात. मध्ये खुर्ची टाकून तुळसाबाई बसतात. त्यांच्या मांडीवर एका डब्यात निळ्या फिती आणि टाचण्या असतात.

"पहिल्या टेबलावर पोरी भराभर वाढून राहिल्या, अन् दुसऱ्यावर हात कमी पडून राहिले," तुळसाबाई म्हणाल्या, "तं काय होते? लोक पुरीची पत्रावळ घेऊन मंधातच उभे राहतात. मंग मी काय करतो? पहिल्या टेबलावरच्या दोघीतिघींले फीत लावतो. फीत लागली का दुसऱ्या टेबलावर जा. गर्दी मोकळी झाली का फीत काढतो, जा बाई परत आपल्या जागी. हेच ना तुह्या पानाचं?"

मेघा त्यांच्याकडे वळली. "हेच," ती हळूच म्हणाली. "अगदी हेच आजी. फीत म्हणजे फॉस्फेट."

"मंग तुह्यं पान फीत काहून लावून नाही राहिलं?"

"तेच तर समजून नाही राहिलं ना मले."

तुळसाबाईंनी पदराने डोळे टिपले. माझ्या झाकणाच्या फटीतून दिव्याची तिरीप त्यांच्या तोंडावर पडत होती. औषध घातलेले डोळे, त्यांना ती सहन होईना.

"पाह्य वं, दसऱ्याले बारा वाजता मी तरी कुठे फीत लावली? इतकी तोबा गर्दी झाली का मी डबाच बंद करून टाकला. म्हटलं, आता कोणी जागा सोडू नका गा, आपापल्या ठिकाणी उभं राहून जसं जमते तसं वाढा. त्या गर्दीत फिती लावत बसलो असतो तं दोन्ही टेबलं पडले असते. फितीचं काम सकाळच्या बेताबेतानं येणाऱ्या लोकांत होते." मग त्यांनी तोंड फिरवलं आणि जरा वैतागून म्हणाल्या, "अन् हा तुह्या दिवा तं बारा वाजल्यावानीच जळून राहिला. कमी कर बापा, माह्या डोळ्याले सोसून नाही राहिला."

मेघाचा हात माझ्या कानाकडे आला आणि तिथेच थांबला. तिने आजीकडे पाहिलं, मग लाल टिकलीकडे, मग पुन्हा आजीकडे.

"आजी," ती म्हणाली, "पानालेही सोसून नाही राहिला असंन."

तिने माझा कान डावीकडे पिळला. हळू, फार हळू. दिवा उतरत उतरत सकाळच्या कोवळ्या उन्हाइतका झाला, तेव्हा ती थांबली. यमुताईंच्या जागेपासून जेमतेम केसभर पुढे. तिने नवीन पान घेतलं, त्याला आधी अंधारात विसावा दिला. मग दुसऱ्या ठिकाणालाच आवडणारा माझ्यातला दुसरा, गडद तांबडा दिवा पंधरा मिनिटं दाखवला, म्हणजे सगळी प्रथिनं आपल्या मूळ जागी परतून बसतील. नत्थू न बोलावता आला आणि माझ्या पाठीमागे कापड धरून उभा राहिला. मग तिने मंद दिवा लावला.

रेघ वर गेली. एक मिनिट. दोन मिनिटं. मेघाने ओठ घट्ट मिटले होते. तिसऱ्या मिनिटाला मला पानात ओळखीची हालचाल जाणवली. बारा वर्षांनंतर! कुठेतरी एक खूण चिकटली, एक प्रथिन सरकलं, मग दुसरं, मग रांगेने. चमक थोडी कमी झाली, आणखी थोडी कमी झाली. रेघ उतरू लागली, घाटातून बैलगाडी उतरते तशी, जपून.

"खाली येऊन राहिली ना वं," तुळसाबाई काळजीने म्हणाल्या. "बिघडलं का?"

"नाही आजी! खालीच यायला पाहिजे!" मेघा ओरडली, आणि उठून उभी राहिली. बरोबर यमुताई उभ्या राहिल्या होत्या तशी. दहा मिनिटांनी तिने गडद तांबडा दिवा पुन्हा लावला. खुणा निघाल्या, प्रथिनं घरी परतली आणि रेघ हळूहळू चढून मूळ जागी आली. पान बोललं होतं, आणि बोललेलं त्याने स्वतःच तपासूनही दाखवलं होतं.

या खेपेला नत्थूने कापड सोडलं नाही. पण तो टाळीही वाजवत नव्हता. तो पाठीमागून बाहेर आला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि कानाची रेघ कुठे आहे ते त्याने पाहिलं. मग समोरच्या काचेत पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला.

"मेघाताई," तो म्हणाला, "ही टिकली मी लावली."

"म्हणजे?"

"यमुताई मॅडमची टिकली माह्या हातानं पुसल्या गेली. जुलैत. मी नवी आणून लावली. मले वाटलं बरोबरच लावली. मी नेहमी काचेतच पाहत होतो ना." "तुम्ही तीन महिने हैराण होऊन राहिल्या, मले रोज वाटे का सांगावं टिकलीचं. पण वाटलं, एवढ्याशा टिकलीनं काय होते. अन् भेवही वाटलं."

मेघाला राग आला. तो तिच्या तोंडावर स्पष्ट दिसला आणि येणारच ना, तीन महिने गेले होते. ती काही तरी बोलणार होती. पण तिने नत्थूच्या हातांकडे पाहिलं. अजून त्या हातांत काळं कापड तसंच ताणलेलं होतं.

"भाऊ, सांगायचं होतं ना मले," ती एवढंच म्हणाली. "एका दिवसाचं काम होतं."

"हाव ताई. चुकलंच माह्यं."

तुळसाबाईंनी पिशवीतून डबा काढला. "चुकलं तं चुकलं. कबूल केलं ना त्यानं. आता हे पुऱ्या खा दोघंही, काल ही पोरगी उपाशी झोपली."

सोमवारी गाडी आली आणि माझ्याविना गेली. दीप्ती मॅडमनी सहा पानांच्या सहा रेघा पाहिल्या, चष्मा वर केला आणि नखाने माझ्या डोक्यावरची चिठ्ठी काढायला लागल्या. ती सबंध निघाली नाही. एक कोपरा अजून चिकटून आहे. पुढे शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत मेघाने त्याच मंद उजेडातल्या पानांची प्रथिनं तपासून घेतली. फॉस्फेटची खूण दाखवणारा काळा पट्टा ठसठशीत आला होता आणि प्रखर उजेडातल्या पानांत तो जवळजवळ नव्हता. तिच्या प्रकल्पात आता यावर एक आख्खं प्रकरण आहे. वाया गेलेले तीन महिने त्या प्रकरणाच्या अर्ध्या भागात कामाला आले. आभाराच्या पानावर दीप्ती मॅडमनंतर तुळसाबाईंचं नाव आहे.

नत्थूने यमुताईंना पुण्याला फोन लावला, माझ्यासमोर उभं राहूनच. सगळं सांगितलं. पलीकडून यमुताई एवढ्या मोठ्याने हसल्या की मलाही ऐकू आलं. त्यांनी जागा सांगितली, डावीकडे, दोन आणि तीनच्या मध्ये. नत्थूने मेघाकडून मोजून घेतलं आणि मरून टिकली लावली. आकडेही मेघाने नव्याने रंगवले. सहा तिने मुद्दाम तिरपा काढला.

मित्रांनो, मी आता रोज काम करतो आणि मजेत आहे. नत्थू येत्या मार्चला निवृत्त होईल. तोवर विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला तो माझ्यासमोर उभं करतो, पाठीमागे नाही, समोर. आणि सांगतो, "ही टिकली पाहून घ्या. कचरा नाही थे. पुसायची नाही. अन् पुसल्या गेली तं पळत येऊन सांगायचं, कोणी खात नाही तुम्हाले."

तुमच्याही घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल. शिवणयंत्राच्या चाकाला बांधलेला दोरा, तराजूवरची खडूची रेघ, गॅसच्या बटणापाशी लावलेला रंगाचा ठिपका. ती खूण कोणीतरी विचार करून ठेवलेली असते. पुसण्याआधी विचारा. आणि चुकून पुसली गेलीच, तर त्याच दिवशी सांगून टाका. जुलैपासून मला सगळं ठाऊक होतं, आणि मी तीन महिने एका मुलीला रडताना बघत राहिलो, कारण मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.